विहीणबाईंचा शालू मी कसा शिजवला

मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यांतल्या एकाच दुपारी ते स्वतः करून पाहिलं. दुपार सुरू झाली तेव्हा घरात एक शालू होता. दुपार संपली तेव्हा त्याचा फक्त पदर होता.

शालू आमचा असता तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे रंजूच्या, होणाऱ्या सासूचा होता. रंजूचं लग्न अमरावतीच्या मुलाशी ठरलं, ते दिवस आमच्याकडे बरे नव्हते. बाबांचं शेत तेल्हाऱ्याजवळ. कापूस दर वर्षी घाम गाळून पिकायचा आणि बाजारात गेला की त्याची माती व्हायची. सगळ्यांचंच तसं चाललं होतं, त्यामुळे लग्नं आपोआप लहान होत गेली. आधी बँड गेला, मग पंगतीतला दुसरा गोड पदार्थ गेला. आमच्या बैठकीत बस्त्याचा, म्हणजे लग्नाच्या कापडचोपडाचा, विषय निघाला आणि बाबा सतरंजीची नक्षी पाहू लागले. तेव्हा विहीणबाईच बोलल्या.

"बस्त्याचं काही काढू नका, भाऊ. माह्या लग्नातला शालू हाये. रंजू तोच नेसन. नवं काहाले पायजे?"

परत येताना बाबा बसमध्ये सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. खिडकी बंद होती.

म्हणजे तो नुसता शालू नव्हता. त्या बाईनं चारचौघांत आमची लाज राखली होती, ती घडी घालून पाठवली होती. रविवारी सकाळी साडेअकराच्या मुहूर्ताला तो रंजूच्या अंगावर दिसायला हवा होता, आणि पाहायला विहीणबाई समोरच बसणार होत्या. एवढं साधं काम होतं. मी मध्ये पडलो नसतो तर ते सहज पार पडलं असतं.

मी तेव्हा तीस वर्षांचा, अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि अविवाहित होतो. (या प्रकरणानंतर आणखी दोन वर्षं अविवाहितच राहिलो. मुलीकडचे चौकशी करतात हो!) लग्न अकोल्यातच, माझ्या भाड्याच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत होतं. त्यामुळे आई, बाबा आणि रंजू आठ दिवस आधीच येऊन राहिले होते.

गुरुवारी नवऱ्या मुलाचे काका शालू घेऊन आले, चहा पिऊन गेले. फिका गुलाबी रंग, गर्द जांभळा पदर, पदरावर जरीच्या कोयऱ्या. आमच्या घरात चार पिढ्या कापूस पेरत आल्या, कापूस नेसत आल्या आणि कापसाच्या गादीवर झोपत आल्या. रेशीम घरात पहिल्यांदाच येत होतं. आईनं त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "माहे हात खरखरीत हायेत, धागे निंघतीन." मग मनगटाच्या मागच्या बाजूनं तिनं तो कुरवाळून पाहिला.

नवं वस्त्र घरात आलं की त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची आपली पद्धत. आई म्हणाली, "थोरल्या भावाच्या हातानं लावू. लाव रे, एक बोट."

एक बोट! एवढंच सांगितलं होतं तिनं. पण शेजारच्या तीन-चार बायका शालू पाहायला आलेल्या, माझ्या हातात ओल्या हळदीची वाटी, आणि प्राध्यापकाला समोर चार माणसं गप्प बसलेली दिसली की त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही.

"तुम्हाला गंमत सांगतो," मी म्हणालो. "हळद म्हणजे नुसती हळद नव्हे बरं का! हळद हा दर्शक आहे. आम्लात पिवळी राहते, आणि आम्लारीत..."

आम्लारी म्हणताना मला उजवा हात उंच करायची सवय आहे. वाटी उजव्या हातातच होती.

हळद कोपऱ्यावर पडली असती तर आतल्या खोचणीत गेली असती. ती पडली बरोबर तिथे, जिथे नेसल्यावर समोर निऱ्या येतात.

"अगं बाई!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

आई मात्र शांत होती. "काही नाही होत. वरची हळद झटकून टाक अन् उन्हात घाल. हळद उन्हाले भेते. परवापर्यंत उडून जाईन."

मी हसलो. मी चांगलं मोठ्यानं हसलो, ते मला अजून आठवतं. "आई, ऊन म्हणजे काही शास्त्र नाही." (आहे. हळदीचा रंग उजेडानं मोडतो, हे मी नंतर वाचलं. पण तोवर उन्हात घालायला काही उरलं नव्हतं.)

मी डागाला ओला साबण लावला. पुढच्या क्षणी डाग लालभडक झाला.

"दादा, रक्त!" रंजू किंचाळली.

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! "घाबरू नकोस, रंजू! साबण आम्लारिधर्मी असतो. आता हे बघ!" मी लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी साबण लावला, लाल. लिंबू पिळलं, पिवळा. "आणखी एकदा दाखवा न, सर," मागून कोणी तरी म्हणालं. मला कॉलेजात इतक्या वर्षांत कोणी 'आणखी एकदा' म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी पाच वेळा दाखवलं. दर वेळी डाग थोडा पसरत होता, याकडे माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत बेलाच्या पानाएवढा डाग जेवणाच्या ताटाएवढा झाला.

शुक्रवारी सकाळी बाबांनी तो पाहिला आणि त्यांना माझ्या ज्ञानाचा उबग आला.

"कपडाच हाय ना तो? मंग सोड्यात उकळ न बावा!"

इथे आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. कपड्यावर आमच्याकडे शेवटचा उपाय एकच: घंगाळ, धुण्याचा सोडा आणि खळखळती उकळी. धोतरं, गोधड्या, सतरंज्या, पडदे, शेतातून आलेली चवाळी, सगळं त्यातून पांढरंधोप होऊन बाहेर आलेलं मी जन्मापासून पाहत होतो. सुताला सोडा चालतो, नव्हे, मानवतो. त्यामुळे कपडा म्हणजे उकळायची वस्तू, हे आमच्या रक्तातच होतं. सोड्यानं बिघडणारा कपडाही जगात असतो, असं आमच्याकडे आजवर कोणाला वाटायचं कारणच पडलं नव्हतं.

मला वाटायला हवं होतं. कारण दोनच दिवसांपूर्वी, बुधवारी, मी वर्गात प्रथिनं शिकवली होती. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: केस, नखं, लोकर, रेशीम. त्याखाली लिहिलं होतं: गरम, तीव्र आम्लारीत पेप्टाइड बंध तुटतात. आणि म्हणालो होतो, "याच्याखाली रेघ मारा, हे परीक्षेला येतं." परीक्षेला येतं हे मला माहीत होतं. ते घरीही येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उलट मी बाबांच्या उपायाला शास्त्राचं पाठबळ दिलं. "बरोबर आहे बाबा. हळदीचा रंग आम्लारीत विरघळतो. सोड्याच्या पाण्यात उकळलं की तो पाण्यात उतरणार. प्रश्नच नाही!"

रंजू दारात उभी होती. "दादा, नक्की ना?"

"रंजू, तुझा भाऊ केमिस्ट्रीचा प्राध्यापक आहे."

"म्हनूनच विचारून राहिली."

अंगणात चूल पेटली, घंगाळ चढलं, मी त्यात तीन मुठी सोडा टाकला. (पाककृतीत चिमूटभर असतो.) एक गोष्ट मात्र मी डोकं चालवून केली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. सोड्यानं कोयऱ्यांची जर काळी पडेल म्हणून जांभळा पदर मी घंगाळाबाहेर, शेजारच्या दोरीवर लटकता ठेवला. बाकीचा शालू आत सोडला आणि काठीनं ढवळू लागलो.

पाणी लाल झालं. "पाहा! निघाला डाग!" मी ओरडलो. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. पाणी आणखी लाल झालं. मग गुलाबी झालं. शालूही गुलाबीच असल्यामुळे हा गुलाबी कोणाचा, असा एक बारीकसा प्रश्न माझ्या मनात आला, पण मी त्याला थारा दिला नाही. पाऊण तास झाला. पाणी जरा दाटसर वाटू लागलं.

आईनं नाक वर केलं. "काहून रे, केस उकळल्यावानी वास काहून येऊन राहिला?"

केस.

माझ्या हातातली काठी थांबली. बुधवारचा फळा डोळ्यांसमोर आला. केस, नखं, लोकर... चौथा शब्द मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नाही. भर एप्रिलमध्ये, अकोल्यात, चुलीपुढे उभा असून मला थंडी वाजली.

मी काठीनं शालू वर उचलला. काठी वर आली. शालू आला नाही. काठीला जे लोंबत होतं ते शिजलेल्या शेवयांसारखं होतं, आणि पाहता पाहता तेही घसरून परत पाण्यात गेलं.

"बाप्पा!" आई म्हणाली. "हे तं शिजलं!"

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मला समजावून सांगायचा रोग आहे. "त्याचं काय आहे, रेशीम हे प्रथिन आहे," मी सुरू केलं. "माळेत मणी ओवावेत तशा लांब लांब साखळ्या असतात. त्या घड्या घालून एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, म्हणून ती चमक, म्हणून ती मजबुती. आम्लारीनं आधी घड्या सुटतात, मग माळच तुटते."

"प्रथिन म्हंजे डाळीत असते तेच?" बाबांनी विचारलं.

"तेच."

आईनं कमरेवर हात ठेवले. "सोडा टाकला का डाळ गळते, हे मले चाळीस वर्षांपासून माहीत हाय. मले विचारलं काहून नाही?"

(डाळीचं कारण थोडं वेगळं आहे. पण त्या क्षणी ते सांगायची माझी छाती झाली नाही.)

तरी मी हार मानली नव्हती. आम्लारीनं बिघडलं, तर आम्लानं सावरेल! उदासिनीकरण! घरात लग्नासाठी आणलेली लिंबं होती. मी भराभर बारा लिंबं कापून घंगाळात पिळली. भसकन फेस आला, घंगाळ उतू जाऊन चूल विझली. आई बघत राहिली आणि म्हणाली, "आता कढीपत्ता टाक."

रंजू रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "दादा, आता मी त्या बाईले काय सांगू? मले जल्मभर त्यांच्याच घरात राहाचं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एका वाक्यापुढे माझी पदवी, माझं सुवर्णपदक (तिसऱ्या वर्षी मिळालं होतं, विषय सेंद्रिय रसायन) आणि माझं तोंड, तिन्ही कुचकामी होती.

शनिवारी सकाळी पदर आणि एका पातेलीत उरलेला शालू घेऊन मी रहेमतचाचांकडे गेलो. चाचा रंगारी. वापरून फिके पडलेले कपडे त्यांच्याकडे रंगवायला टाकले की नवे होऊन येत. त्यांनी पातेलीत डोकावलं.

"रेशीम हाये हे?"

"होतं."

चाचांनी पातेली हलवून पाहिली. "मास्तर, किती शिट्ट्या देल्या?"

मी सगळं सांगितलं. चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे मास्तर, रेशीम किड्याचं असते, कापूस झाडाचा. किड्याच्या मालाले सिरका लागते, झाडाच्या मालाले मीठ-सोडा. आंबट तिकडे, खारं इकडे. बस्! कामावर बसवलं त्या पहिल्याच दिवशी माह्या अब्बानं मले सांगतलं. दुसरा दिवस लागला नाही."

मी या प्रकरणाला वर्गात तीन आठवडे घेतो.

"माही पोट्टी तुमच्याच वर्गात हाये न, बारावीत?" चाचांनी विचारलं.

"हो. हुशार आहे."

"राहू द्या तशीच," चाचा म्हणाले.

मग त्यांनी पदर हातात घेतला, उजेडात धरला, सिरक्याच्या पाण्यात बुडवून काढला आणि झटकला. जांभळा रंग असा उजळून निघाला की मी बघतच राहिलो. "पदर जिता हाये," चाचा म्हणाले. "एक काम करा. बारीक सुताचं पांढरं पातळ आना. मी त्याले हाच गुलाबी देतो. घरातली पदर जोडून देईन, टाका दिसनार नाही."

बारीक सुताचं पांढरं पातळ घरात एकच होतं. जरीच्या बोटभर किनारीचं, कोरं. लग्नात नेसायला बाबांनी आईसाठी आणलेलं. मी ते मागण्याआधीच आईनं पेटीतून काढून माझ्या हातात ठेवलं. "मले काय, मले कोन पाहाले येते?" म्हणाली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

चाचांनी रंग चढवला. मिठाच्या पाण्यात, चवीपुरता सोडा टाकून. (सोड्याचा डबा त्यांनी माझ्यापासून लांब, फळीवर ठेवला होता.) अकोल्याच्या उन्हात पातळ अर्ध्या तासात वाळलं. चाचींनी पदर जोडला. दहा पावलांवरून पाहिलं तर शालूच. पाच पावलांवरून पाहिलं तर शंका यावी. विहीणबाईंची खुर्ची मी बारा पावलांवर ठेवली.

रविवारी मुहूर्त साधला. अक्षता पडल्या, रंजू गुलाबी आणि जांभळ्या रंगात अशी गोड दिसत होती की मला वाटलं, निभावलं! तेवढ्यात विहीणबाई खुर्चीवरून उठल्या, ती बारा पावलं चालून आल्या आणि सुनेचं कौतुक करता करता त्यांनी तिच्या निऱ्या चिमटीत धरल्या. अंगठा एकदाच फिरवला.

त्या बाईंचं माहेरही कापूसवाल्यांचंच होतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"हे तं सुती हाये," त्या म्हणाल्या.

रंजूचा चेहरा पांढरा पडला. मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही समजावून न सांगता बोललो.

"बाई, यात हिची काही चूक नाही. तुमचा शालू मी सोड्यात उकळला."

"रेशमाचा शालू? सोड्यात?"

"हो."

"काहून?"

"हळद सांडली होती. ती काढायला."

"मंग उन्हात काहून नाही टाकला?"

"मी तेच म्हनलं होतं!" मागून आईचा आवाज आला.

विहीणबाईंनी आवाजाकडे पाहिलं. आई जुनं, विटकं लुगडं नेसून, मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबाआड उभी होती. विहीणबाईंनी एकदा त्या लुगड्याकडे पाहिलं, एकदा रंजूच्या कोऱ्या पातळाकडे, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. मला वाटलं, आता वीज पडणार. त्यांनी रंजूचा पदर सावरून नीट तिच्या डोक्यावर घेतला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी त्या शालूत अशी घामेजली होती का मंगळसूत्र कवा बांधलं ते समजलं नाही. आईचं पातळ हाय, थंड राहाते. इकडं या न ईनबाई, तिकडं काहाले उभ्या? माह्या बाजूनं बसा."

रंजू तेव्हा रडली. तीन दिवसांचं सगळं एकदम रडली. आई रडली, बाबांच्या डोळ्यात पुन्हा धूळ गेली. मीही डोळे पुसत होतो, तर विहीणबाई माझ्याकडे वळल्या.

"तुमी काय शिकवता म्हनले?"

"रसायनशास्त्र."

"अन् त्याचा पगार भेटते?"

"भेटतो."

"दर महिन्याले?"



रंजू त्या घरात साखरेसारखी विरघळली. (हे विरघळणं चांगलं.) सासू-सुनेचं असं जमलं की माहेरी यायची आठवण तिला आम्ही करून द्यावी लागते. आणि माझ्याबद्दल म्हणाल, तर अमरावतीच्या त्या घरात जो मान मला मिळतो तो खुद्द जावयालाही मिळत नाही. मी फाटकात दिसलो की विहीणबाई या वयातही लगबगीनं जागेवरून उठतात, आत जातात, कपाटाला कुलूप घालतात, किल्ली कमरेला खोचतात, आणि मगच बाहेर येऊन म्हणतात, "या, या, मास्तर! बसा. पानी देऊ?"